हलकी फ्रेम आणि अरुंद दृष्टी

आमच्या सायकलस्वार मित्रमंडळींत एक मत गेली कित्येक वर्षे वेदवाक्याप्रमाणे चालत आले आहे. रस्त्यावर पळवावयाची सायकल जितकी हलकी तितकी उत्तम, आणि तिचे टायर जितके अरुंद तितकी ती वेगवान, असे ते मत होय. कार्बनची फ्रेम घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात शिरला की पहिला प्रश्न विचारतो, "वजन किती?" दुसरा प्रश्न किमतीचा असतो. या फ्रेममध्ये टायरला जागा किती आहे, हा प्रश्न शंभरांतून एखादाच विचारतो. आणि ज्याने तो विचारला त्याच्याकडे दुकानदार व सोबतचे मित्र अशा काही नजरेने पाहतात, की या गृहस्थाला शर्यतीची सायकल हवी आहे की दुधाच्या घागरी वाहण्याची, असा त्यांना संशय यावा.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे, आणि ते आडपडदा न ठेवता प्रारंभीच सांगून टाकतो. आपल्या प्रदेशात कार्बनची फ्रेम निवडताना पहिला विचार ती आपल्या देहाला बसते की नाही याचा, दुसरा विचार टायरला मिळणाऱ्या मोकळ्या जागेचा, आणि वजनाचा विचार तिसरा असला पाहिजे. हा क्रम जो उलटा करतो तो पैसे घालवतो, कधी फ्रेम घालवतो, आणि दैव फारच प्रतिकूल असले तर हाड मोडून घेतो.

साहित्य आणि संस्कृती यांना वाहिलेल्या या मासिकात सायकलच्या फ्रेमची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, हा प्रश्न यंत्राचा जितका आहे तितकाच अनुकरणाचाही आहे. दुसऱ्याच्या अंगणातील रीत आपण उचलतो, ती कोणत्या जमिनीवर रुजली होती हे पाहत नाही. आणि मूळ मालकाने ती टाकून दिली तरी आपण मात्र तिला निष्ठेने कवटाळून बसतो. ही खोड आपल्या वाङ्मयात आहे, शिक्षणात आहे, तशीच ती आपल्या सायकलीतही आहे. लहान वस्तूत ती स्पष्ट दिसते, म्हणून लहान वस्तूच येथे हाती घेतली आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. गोव्यात सकाळी भोंगा वाजवीत दारोदार पाव पोहोचविणारा पोदेर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या मागच्या कॅरिअरवर पावांनी भरलेली भली मोठी टोपली असते, रस्ता चढउताराचा, चिऱ्याच्या भिंतींमधून वळणे घेत जाणारा असतो, आणि पाऊस तर चार महिने असतोच. आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीने ज्या काळ्या, दणकट सायकलींवर शाळा, कचेऱ्या आणि बाजार केले, त्याच जातीची ही सायकल. तिच्या टायरचे माप अठ्ठावीस गुणिले दीड इंच. म्हणजे रुंदी चाळीस मिलिमीटरच्या जवळपास. त्या काळच्या खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर हे माप कोणी हौसेखातर ठेवले नव्हते. रस्त्यानेच ते ठरविले होते. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनविला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले, ते मुळात दगडी रस्त्यावरचे हादरे कमी व्हावेत म्हणून. हवेचा टायर जन्मास आला तो हादऱ्यांवर इलाज म्हणून. त्या टायरचीच रुंदी छाटून आणि त्यात दगडासारखी हवा भरून आपण तो पुन्हा भरीव रबराच्या दिशेने नेला, यास प्रगती म्हणावयाचे असेल तर तो शब्दच नव्याने तपासला पाहिजे.

मग अरुंद टायर आला कोठून? तो शर्यतीतून आला. गुळगुळीत डांबरी रस्ता, मागून येणारी संघाची मोटार, चाक बदलून द्यावयास तत्पर असलेला यांत्रिक, आणि विशी-पंचविशीचा, त्याच कामासाठी पगार घेणारा स्वार, अशा सर्व सरंजामात वीस ते तेवीस मिलिमीटरचा टायर विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. पण तेव्हाही सायकलच्या जगात सर्वांनी या मताला मान तुकविली होती असे नव्हे. फ्रान्समध्ये सेंत एतिएन येथे 'वेलोसियो' या टोपणनावाने लिहिणारे पॉल द विवी (१८५३–१९३०) यांनी आपल्या 'ल सिक्लिस्त' या नियतकालिकातून मऊ, रुंद टायरांचा आणि बदलत्या गिअरांचा आयुष्यभर पुरस्कार केला. शर्यतवाल्यांनी त्यांना हसण्यावारी नेले. टूर द फ्रान्स या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची सोय म्हणजे दुर्बळांचा आधार वाटे. त्या शर्यतीत डिरेलर वापरण्यास परवानगी मिळाली ती १९३७ साली, वेलोसियो निवर्तल्यानंतर सात वर्षांनी. गिअरच्या बाबतीत जगाने त्यांचे म्हणणे तेव्हा मानले. टायरच्या बाबतीत मानावयास आणखी सुमारे पाऊण शतक लागले.

आज शर्यतवालेही फिरले आहेत, ही गोष्ट आमच्या अरुंदपंथी मित्रांनी नीट ध्यानात घ्यावी. तेवीसचे पंचवीस झाले, पंचवीसचे अठ्ठावीस झाले. आता व्यावसायिक शर्यतींत अठ्ठावीस आणि त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात, आणि उत्तर फ्रान्समधील दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या पारी–रुबे शर्यतीत तीस-बत्तीस मिलिमीटरचे टायर ही नित्याची बाब झाली आहे. या बदलास डिस्क ब्रेकचा मोठा हातभार लागला. जुन्या पद्धतीच्या शर्यती सायकलीत ब्रेकचा चिमटा टायरच्या वरून रिमला धरीत असे; तो चिमटाच टायरला पंचवीस-अठ्ठावीसच्या पलीकडे जाऊ देत नव्हता. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने डिस्क ब्रेकचे प्रयोग २०१५ साली सुरू केले, २०१६ च्या पारी–रुबे शर्यतीतील एका दुखापतीनंतर ते काही काळ थांबविले, आणि जुलै २०१८ पासून त्यांना कायमची मान्यता दिली. चिमटा गेला तशी टायरची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्यांचे अनुकरण म्हणून आम्ही अरुंद टायर डोक्यावर घेतला, त्यांनी तो केव्हाच उतरवून ठेवला आहे. आम्ही मात्र त्यांनी टाकलेले वस्त्र नेसून मिरवत आहोत.

आता यामागील कारणाचा विचार करू. कारण केवळ युरोपने मत बदलले म्हणून आपणही बदलावे, असे म्हणणे म्हणजे एका अनुकरणाच्या जागी दुसरे बसविणे होय. टायर रस्त्याला जेथे टेकतो तेथे तो दबतो, आणि पुढे सरकला की पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात रबराच्या आणि कापडाच्या अंगात काही शक्ती उष्णतेच्या रूपाने मुरते. हा पहिला तोटा. मागच्या चाकावर ४५ किलो भार आहे असे धरा. १०० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब. तेव्हा टायर रस्त्यावर सुमारे साडेसहा चौरस सेंटिमीटर जागा व्यापील. हवा ६० पौंड असेल तर ती जागा सुमारे पावणेअकरा चौरस सेंटिमीटर होईल. दाब तोच ठेवला तर टायर रुंद असो वा अरुंद, ही जागा जवळजवळ तेवढीच राहते. फरक एवढाच की अरुंद टायरमध्ये ती लांबट असते, रुंद टायरमध्ये आडवी आणि आखूड असते. लांबट जागेत टायरची कड अधिक वाकते. सबब सारख्या दाबाला रुंद टायर अधिक सहज गडगडतो. आणि थोडा कमी दाब ठेवला तरी चांगल्या प्रतीच्या रुंद टायरचा हा तोटा अरुंद टायरच्या मानाने फारसा वाढत नाही.

परंतु खरा प्रश्न दुसऱ्या तोट्याचा आहे. रस्ता खडबडीत असला की कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार यांना उचलतो आणि आपटतो. ही उचलण्याची शक्ती येते कोठून? स्वाराच्या पायांतूनच येते. ती त्याच्या मांसपेशींत, खांद्यांत, तळहातांत थरथरीच्या रूपाने जिरून जाते आणि पुढे जाण्याच्या कामी येत नाही. प्रयोगशाळेतील गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून पाहणाऱ्यांना हा तोटा दिसत नसे, कारण पिंपावर मनुष्य बसलेला नसतो. म्हणून दाब जितका जास्त तितका वेग जास्त, हा भ्रम इतकी वर्षे टिकला. थरथर म्हणजे वेग, असे मनाला वाटते खरे. पण घड्याळ तसे म्हणत नाही. २०० किलोमीटरनंतर ज्याचे तळहात बधिर झाले आहेत आणि मान आखडली आहे, त्याला हे समजावून सांगण्यास पदार्थविज्ञानाची गरज पडू नये.

आता वजनाच्या देवतेकडे वळू. कारण हिच्या पूजेसाठीच टायरच्या जागेचा बळी दिला जातो. आजच्या अतिशय हलक्या कार्बन फ्रेमचे वजन सहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत खाली आले आहे. रुंद टायरला जागा देणाऱ्या, लांब पल्ल्यासाठी बनविलेल्या चांगल्या फ्रेम साधारणपणे आठशे ते अकराशे ग्रॅमच्या दरम्यान असतात. दोहोंतील फरक आपण ३०० ग्रॅम धरू. स्वार, सायकल, पाणी आणि कपडे मिळून ८० किलो होतात असे समजा. त्यातील ३०० ग्रॅम म्हणजे हजारांत पावणेचार भाग. चोर्ला घाटासारखी एखादी चढण चढावयास एक तास लागत असेल, आणि स्वाराची सारी शक्ती केवळ वजन वर उचलण्यातच खर्च होते असे या हलकेपणाच्या बाजूने उदारपणे मानले, तरी तासाभरात वाचतात ते साडेतेरा सेकंद. एवढ्या वेळात चष्म्याची काचही धड पुसून होत नाही. उलट वाटेत एक ट्यूब बदलावयास दहा मिनिटे लागतात. एका पंक्चरची भरपाई करावयाची तर या हलक्या फ्रेमवरून असे चव्वेचाळीस घाट चढावे लागतील! आणि अरुंद टायर पंक्चर होतो तो बहुधा खिळ्याने नव्हे. खड्ड्याच्या कडेवर रिम आणि दगड यांच्या चिमटीत ट्यूब सापडते, आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पाडून घेते. रुंद टायरमध्ये रिम आणि दगड यांच्यामध्ये हवेची उंची अधिक असल्यामुळे हा प्रसंग क्वचित येतो.

या ठिकाणी आणखी एक गंमत नमूद केली पाहिजे. शर्यतीतील सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाचा नियम २००० सालापासून आहे. जगातील सर्वांत बलवान स्वारांना ज्या मर्यादेखाली उतरण्यास मनाई आहे, त्या मर्यादेखाली उतरण्यासाठी आमचे चाळिशी उलटलेले, पोट सुटू लागलेले मित्र लाखो रुपये मोजतात. अर्धा लिटर पाण्याची बाटली अर्धा किलो भरते. रात्रीच्या जेवणातील एक वाटी श्रीखंड कमी केले तर तीनशे ग्रॅमचा हिशेब फुकटात जुळतो. पण श्रीखंडाचा त्याग मित्रांना दाखविता येत नाही. फ्रेम दाखविता येते.

हा विनोद येथेच पुरे. यात खरे नुकसान कोणाचे होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्याबरोबर रविवारी येणारे एक माध्यमिक शाळेतील शिक्षक आहेत. दोन-तीन वर्षे पैसे साठवून त्यांनी कार्बनची फ्रेम घेतली. त्यांना तीस मिलिमीटरचा टायर हवा होता, दुकानात त्यांना सांगण्यात आले की, "सर, ही रेसची फ्रेम आहे, हिला अठ्ठावीस पुष्कळ झाले, आणि वजन तर बघा." अठ्ठावीसचा टायर बसला खरा, पण रिम रुंद असल्यामुळे प्रत्यक्षात तो तिसापर्यंत फुगला, आणि मागच्या चाकाच्या दोहो बाजूंनी जाणाऱ्या नळ्या व टायर यांच्यामध्ये जेमतेम दोन मिलिमीटर अंतर उरले. पुढे पावसाळा आला. बेळगावहून गोव्याच्या बाजूस उतरणाऱ्या रस्त्यांवर जांभ्याची लाल माती आणि बारीक खडे कसे वाहून येतात, हे त्या बाजूस राहणाऱ्यास सांगावयास नको. ती माती टायरला चिकटून त्या दोन मिलिमीटरांत शिरली आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी सहाणेसारखी घासत राहिली. पावसाळा संपल्यावर फ्रेम धुतली तेव्हा आतील बाजूचा रंग गेलेला, राळेचा थर गेलेला, आणि कार्बनचे धागे उघडे पडलेले दिसले. विक्रेत्याने सांगितले की ही वापराची झीज आहे, हमीत बसत नाही; आणि कायद्याच्या दृष्टीने ते कदाचित बरोबरही असेल. पण ज्या मातीत ही फ्रेम चालवावयाची होती ती माती विक्रेत्याच्या दुकानासमोरच होती. तिचा विचार विकताना कोणी केला नाही, आणि विकत घेताना आम्हां मित्रांपैकीही कोणी केला नाही. हा दोष केवळ दुकानदाराचा आहे असे म्हणून आम्ही हात झटकू इच्छित नाही. "वजन किती भरले हो?" हा प्रश्न त्या शिक्षकांना आम्हीच पहिल्यांदा विचारला होता.

हा प्रश्न केवळ गोवा-बेळगावचा आहे असेही कोणी समजू नये. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा डांबर वाहून जाऊन खाली राहते ती खडी. तिकडे माळव्यात, इंदुराकडे, आणि गुजरातेत वडोदऱ्याच्या आसपास काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता दर वर्षी भेगाळतो व लाटांसारखा उंचसखल होतो. जमीन वेगळी, दुखणे एकच. या रस्त्यांवर चालवावयाच्या सायकलीचे माप ठरविण्याचा अधिकार आल्प्सच्या पायथ्याशी घासून गुळगुळीत केलेल्या रस्त्याला नाही.

आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, एवढा रुंद टायर हवा तर सरळ खडीवरची, ज्यास ग्रॅव्हल म्हणतात ती सायकल घ्यावी. रस्त्याच्या सायकलीत लुडबूड कशाला? यावर आमचे उत्तर असे की, ग्रॅव्हल सायकल ही पंचेचाळीस-पन्नास मिलिमीटरच्या टायरसाठी, लांब चाकतळासाठी आणि कच्च्या वाटेसाठी केलेली असते. आमचे रस्ते डांबरीच आहेत. फक्त ते डांबर प्रामाणिक नाही. त्यास तीस ते पस्तीस मिलिमीटरचा टायर पुरेसा आहे. दुखणे सर्दीचे असता इस्पितळात दाखल होण्याचा सल्ला देण्यासारखे हे झाले.

दुसरा आक्षेप पोलादाच्या भक्तांचा आहे. कार्बन नाजूक, कार्बन महाग, कार्बन फुटतो. पोलादी फ्रेम घ्या, असे ते म्हणतात. या मताविषयी आम्हांस आदर आहे, आणि ज्यास वजनाची खरोखरच पर्वा नाही त्याने पोलाद खुशाल घ्यावे. परंतु कार्बन म्हणजे काच नव्हे. १९९५ साली फ्रांको बाल्लेरीनी यांनी पारी–रुबे जिंकली ती कोलनागो सी-४० या कार्बनच्या फ्रेमवर. त्या फरसबंदीने बनावट वस्तूची परीक्षा कधीच सौम्यपणे घेतलेली नाही. शिवाय किनाऱ्यावरील खारट हवेत पोलाद गंजते, कार्बन गंजत नाही. मात्र कार्बनला चिकटून बसविलेले ॲल्युमिनियम घामाच्या आणि समुद्राच्या मिठाने झिजते, एवढे लक्षात ठेवून सीटचा दांडा आणि जोड वरचेवर काढून पुसावेत. कार्बनचे खरे वैगुण्य असे की, जोराचा आघात झाला तर आतील इजा बाहेरून दिसेलच असे नाही. म्हणून पडल्यानंतर फ्रेम तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, आणि स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता मापाच्या पान्याने आवळावेत. एवढी शिस्त पाळणाऱ्यास कार्बन दगा देत नाही.

तिसरा आक्षेप वाऱ्याचा आहे, आणि तो खरा आहे. ताशी चाळीस किलोमीटरच्या वर एकट्याने धावणाऱ्यास रिमपेक्षा बाहेर फुगलेला टायर वाऱ्यात नडतो. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत उतरणाऱ्याने आमचा सल्ला मानू नये. परंतु या मासिकाचे वाचक कोण आहेत? रविवारी पहाटे ऐंशी-शंभर किलोमीटर जाऊन येणारे. हिवाळ्यात पुण्याहून गोव्यास उतरणारे. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पुऱ्या करून, चार वर्षांनी एकदा भरणाऱ्या पारी–ब्रेस्त–पारी या १२०० किलोमीटरच्या यात्रेचे स्वप्न पाहणारे. ६०० किलोमीटरसाठी त्यांना ४० तास मिळतात; त्या ४० तासांत एक रात्र तरी सायकलवर जाते. रात्री अडीच वाजता, डोळे मिटू लागलेले असता, दिव्याच्या उजेडात न दिसलेला खड्डा जेव्हा चाकाखाली येतो, तेव्हा वाऱ्याचा हिशेब कामास येत नाही; टायरमधली हवा कामास येते.

तेव्हा निवड कशी करावी? आमचा अनुभव थोडक्यात सांगतो.

प्रथम देह. फ्रेमची उंची आणि लांबी, ज्यास स्टॅक आणि रीच म्हणतात, ही आपल्या पाठीला व हातांना मानवली पाहिजे. न बसणारी फ्रेम फुकट मिळाली तरी महागच.

नंतर टायरची जागा. आज ज्यास तीसचा टायर हवा आहे त्याने किमान पस्तीसला जागा देणारी फ्रेम पाहावी. कारण टायरवर छापलेला आकडा आणि रिमवर चढल्यानंतरचा आकडा एक नसतो. आतून तेवीस-पंचवीस मिलिमीटर रुंद असलेल्या आजच्या रिमवर टायर दोन-दोन मिलिमीटरही अधिक भरतो. चाकाचा एखादा आरा तुटला की चाक लचकते, त्यालाही जागा लागते. दोहो बाजूंस किमान चार मिलिमीटर, आणि पावसात चालविणार असाल तर सहा, इतकी मोकळीक राहिलीच पाहिजे. कारखान्याने सांगितलेला आकडा ही मोकळीक धरून आहे की टायर टेकेपर्यंतचा आहे, हे लेखी विचारावे. पुढच्या फोर्कमध्ये जागा भरपूर आणि मागे नाही, असेही पुष्कळदा असते. मागे पेडलच्या जोडाजवळ नळ्या, दातेरी चाके आणि टायर यांची एकाच बोळात गर्दी होते. माप तेथे घ्यावे. मडगार्ड बसविण्याची सोय आहे की नाही तेही पाहावे. आमच्या पावसाळ्यात मडगार्ड हे भूषण नसून लंगोटीइतके आवश्यक आहे, आणि त्यालाही जागा लागतेच.

मग वजन. येथे वाचकास सुखद धक्का बसेल. कारण रुंद जागा आणि हलकी फ्रेम यांचे वैर आता उरलेले नाही. जायंट कंपनीच्या २०२३ साली आलेल्या डिफाय ॲडव्हान्स्ड एसएल या फ्रेमचे वजन कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ७८५ ग्रॅम आहे आणि तीत ३८ मिलिमीटरचा टायर मावतो. ट्रेकच्या २०२२ मधील डोमानीत ३८, आणि स्पेशलाइज्डच्या २०२३ मधील रुबेत ४० मिलिमीटरला जागा आहे. सहाशे ग्रॅमहूनही हलकी म्हणून गाजलेली २०२० ची एथॉस घेतली, तर तीत सुद्धा ३२ मिलिमीटरचा टायर बसतो. ही नावे आम्ही जाहिरातीसाठी देत नाही. यांतील एकही विकत घेण्याची आमच्यापैकी बहुतेकांची ऐपत नाही. परंतु "हलकी हवी तर अरुंदच घ्यावी लागेल" हे वाक्य दुकानात ऐकावयास मिळाले, तर ते खोटे आहे, एवढे सिद्ध करण्यास ती पुरेशी आहेत. ज्यास स्वस्तात घ्यावयाचे आहे त्याने त्याच साच्यातील कमी दर्जाच्या धाग्याची, शे-दोनशे ग्रॅम जड फ्रेम घ्यावी. जागा तेवढीच मिळते, आणि ते शे-दोनशे ग्रॅम आपण वर हिशेबात निकालात काढलेच आहेत. मात्र नाव-गाव नसलेली फ्रेम स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने आयएसओ ४२१० च्या फ्रेम व फोर्कच्या चाचण्यांचा दाखला मागितल्यावाचून पैसे देऊ नयेत. चार पैसे वाचविण्याची जागा ती नव्हे; घाट उतरताना फोर्क हाच आपला विमा असतो.

शेवटी टायर मोठा घेऊन त्यात हवा मात्र जुन्या सवयीने शंभर पौंड भरू नये. सत्तर किलोच्या स्वाराने बत्तीसच्या टायरमध्ये पंचावन्न-साठ पौंडांपासून सुरुवात करावी आणि रस्ता सांगेल तसे वर-खाली करावे. ज्या रिमला आत कडेचा आकडा नसतो, त्या जातीच्या रिमवर तर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पौंड, ही हवेची कमाल मर्यादाच आहे. तेथे शंभर पौंड भरणे म्हणजे टायर रिमवरून उडण्यास आमंत्रण देणे होय.

आमचा वाद हलकेपणाशी नाही. हलकी सायकल घाटात आनंद देते, हे आम्ही नाकारीत नाही. किंबहुना त्या आनंदासाठीच आम्ही पोलाद सोडून कार्बनकडे वळलो. आमचा वाद आहे तो अशा वृत्तीशी, जी तराजूवर दिसते तेवढेच मोजते आणि रस्त्यावर भोगावे लागते ते मोजत नाही. त्या शिक्षकांनी घासलेली फ्रेम दुरुस्त करून घेतली, पण तिच्यावर घाट उतरण्याचा विश्वास त्यांना आता वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात ते आमच्याबरोबर आले नाहीत. एक चांगला सोबती आम्ही दोन मिलिमीटरांपायी गमावला. पुढच्या वेळी आमच्यापैकी कोणी नवी फ्रेम घेऊन आला, तर ती हातात उचलून "वा, किती हलकी!" असे म्हणण्यापूर्वी आम्ही खाली वाकून टायर आणि नळी यांच्यामध्ये बोट घालून पाहणार आहोत. बोट गेले तर अभिनंदन करू. न गेले तर स्पष्ट सांगू. मित्राला वाईट वाटले तरी चालेल.